वारीतले ऊन आणि पाण्याचा नेम



ज्येष्ठ लागला की आपला एक डोळा पंढरीच्या वाटेकडे असतो आणि दुसरा आभाळाकडे. मृग निघावा, पाऊस पडावा, पेरणी उरकावी आणि पताका खांद्यावर घेऊन निघावे, ही आपल्या वाडवडिलांची रीत. त्यामुळे वारी म्हटली की ओली वाट, गार वारा आणि चिखलातून चाललेल्या दिंड्या असेच चित्र मनात येते. इरल्याची आणि प्लॅस्टिकच्या कागदाची तयारी आपण करतो. उन्हाची तयारी मात्र कोणी करीत नाही. ‘आता पावसाळा लागला, ऊन कसले?’ असे म्हणून मोकळे होतो. या लेखात आम्ही त्या उन्हाविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत. कारण त्याबाबत आमच्याच हातून एक मोठी चूक घडलेली आहे.

तिथी आणि पाऊस

वारी तिथीने चालते. पाऊस तिथी पाहत नाही, तो सूर्याच्या गतीने येतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून इंग्रजी तारखांनी पाहिले तर वारी दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०१८ साली ज्येष्ठ अधिक होता. त्या वर्षी ज्ञानोबा माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान ६ जुलैला झाले. २०२३ साली तेच प्रस्थान ११ जूनला झाले. तिथी एकच, ज्येष्ठ वद्य अष्टमी. पण मध्ये जवळजवळ चार आठवड्यांचे अंतर. त्यातून २०२३ साली पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला आणि मुंबईस यायला २५ जून उजाडला. म्हणजे त्या साली वारीची बरीचशी वाट उन्हातूनच चालावी लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याचा मुक्काम आटोपून पालखी सासवडला निघते, तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. ही मजल सगळ्या वाटेतली मोठी, तीस किलोमीटरच्या घरातली. हडपसर, उरळी देवाची, वडकी करीत दुपारच्या सुमारास दिवे घाट चढायचा. घाटात सावली नाही. खाली डांबर तापलेले, डाव्या-उजव्या हाताला उघडा कातळ, वर सूर्य. पोटात अन्न नाही, कारण उपवास. आणि काहींच्या पोटात पाणीही नाही, कारण त्यांची एकादशी निर्जळी.

आमच्या दिंडीत घडलेली गोष्ट

त्याच २०२३ सालच्या एकादशीची ही हकिगत. आमच्या दिंडीत एक टाळकरी होते. वय पासष्टीच्या पुढे, पण टाळाचा हात असा की पखवाजवाला त्यांच्याकडे बघून वाजवी. रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवी साफ करणारी गोळी त्यांना चालू होती. तीही त्या दिवशी त्यांनी घेतलेली. वडकीला आम्ही म्हटले, “माउली, घोटभर पाणी तरी घ्या.” ते हसून म्हणाले, “आज एकादस हाय. उद्या द्वादशीला पारणं सोडू की. इतकी वर्षं काय झालं नाही, आताच काय व्हतंय?” आम्हांला त्यांच्या निष्ठेचे कौतुक वाटले. आम्ही दुसऱ्यांदा म्हटले नाही.

घाटाच्या मध्यावर त्यांचा टाळ चुकू लागला. मग ते मोठ्याने हसले, अभंग सोडून भलतेच काही बोलू लागले, पाय इकडचे तिकडे पडू लागले. कोणी म्हणाले, “भाव दाटला.” दिंडी थांबली, लोकांनी गोल केला, दोघातिघांनी पायांवर डोके ठेवले. आम्हीही हात जोडून उभे राहिलो. दिंडीतलीच एक मुलगी, नर्सिंगचे शिक्षण घेणारी, पाया पडायला वाकली. त्यांनी आशीर्वादासाठी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि ती तशीच ताडकन उठली. “अहो, यांचा हात पोळतोय! हा भाव नव्हे, ऊन लागलंय यांना. आधी पाणी ओता!”

पुढे धावपळ झाली. टँकर मिळाला, रुग्णवाहिका मिळाली, दवाखाना मिळाला. जीव वाचला. पण हात जोडून उभे राहण्यात आमची पंधरा-वीस मिनिटे गेली होती, आणि त्या मिनिटांचा हिशेब त्यांच्या मेंदूने चुकता केला. आज ते काठी टेकून चालतात. हात कापतो, तोल जातो. टाळ हातात घेतात, पण ठेका सुटतो. देवाला ते दोष देत नाहीत, आम्हांलाही देत नाहीत. आम्ही मात्र स्वतःला देतो, आणि म्हणूनच हे लिहावयास बसलो आहोत.

ऊन लागते म्हणजे काय होते

माणसाच्या शरीराची आतली उष्णता सदोतीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहावी लागते. आपण बसलेले असताना शरीरात जितकी उष्णता तयार होते, तिच्या तिप्पट-चौपट उष्णता चालताना तयार होते. चढावर त्याहूनही अधिक. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो घाम नुसता टपटप गळून मातीत पडतो, तो शरीर गार करीत नाही.

इथेच ज्येष्ठ-आषाढातल्या उन्हाचा धोका आहे. वैशाखातले विदर्भातले ऊन कोरडे असते. घाम आला की वाळतो. पावसाच्या तोंडावर हवा दमट होते, घाम वाळत नाही, अंग चिकचिकते. पारा चाळिसाच्या आत असला तरी शरीराच्या आतली उष्णता साठत जाते. शिवाय हवामानखाते जे तापमान सांगते ते सावलीतल्या, झरोक्याच्या पेटीत ठेवलेल्या उष्णतामापकाचे असते. भर उन्हात डांबरावर चालणाऱ्याला त्याहून पुष्कळ अधिक तापावे लागते. ‘आज पस्तीसच आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये.

घामासाठी पाणी लागते आणि ते रक्तातून येते. कातडी गार करावी म्हणून हृदय रक्त कातडीकडे लोटते. मग पोट, मूत्रपिंड, मेंदू यांना ते कमी पडते. पाणी आत जात नसेल तर रक्त आटते, नाडी पळू लागते, लघवी गडद पिवळी होते. अखेर शरीराची ही व्यवस्थाच कोलमडते. आतली उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली की पेशी बिघडू लागतात, आणि फार लवकर बिघडतो तो मेंदू. म्हणून उष्माघाताची खूण पुष्कळदा बोलण्यात आणि चालण्यात दिसते. आमच्या टाळकऱ्यांचे नेमके तेच झाले होते. तोल सांभाळणारा लहान मेंदू उष्णतेने लवकर दुखावतो, आणि एकदा दुखावला की पुष्कळदा पुरता भरून येत नाही.

मोठ्या मेळ्यांचा अनुभव

ही एका दिंडीची गोष्ट नव्हे. २०२३ सालीच १६ एप्रिलला नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला. श्रद्धेने आलेले लोक सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसून राहिले. पारा चाळिसाच्या आतच होता, पण हवा समुद्रकाठची, दमट. उष्माघाताने चौदा माणसे दगावली. ती माणसे चाललीही नव्हती, नुसती बसली होती.

२०२४ साली जून महिन्यात मक्केच्या यात्रेत पारा पन्नाशीच्या पुढे गेला आणि तेराशेच्या वर यात्रेकरू मरण पावले. तिथल्या सरकारने सांगितले की त्यांतले बहुसंख्य लोक नोंदणी न करता आलेले होते. सावली-निवाऱ्यावाचून ते दूरवर उन्हातून चालत गेले होते. धर्म निराळा, वाट निराळी. पण ज्याला सावली आणि पाणी मिळाले नाही तो आधी गेला, हा धडा सर्व यात्रेकरूंना सारखाच आहे. आपल्याकडेही नोंदलेल्या दिंडीला टँकर असतो, तंबू असतो. मोकळ्या समाजातून एकट्यादुकट्याने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतो? त्याला विचारणारा आपल्यातूनच कोणी निघाला पाहिजे.

नेम आणि पाणी

आता नाजूक गोष्टीकडे येतो. एकादशी हा वारकऱ्याचा नेम आहे. माळ घातली त्या दिवसापासूनचा. तो मोडा असे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण आपल्यातले बहुतेक वारकरी एकादशीला अन्न सोडतात, पाणी सोडीत नाहीत. पाणी पिऊन एकादशी मोडली असे आजवर कोणी कोणास म्हटलेले आम्ही ऐकले नाही. निर्जळी हा ज्याने त्याने आपल्यावर वाढवून घेतलेला नेम आहे. घरी सावलीत बसून तो करणे वेगळे, आणि तीस किलोमीटर उन्हात चालताना करणे वेगळे. घामावाटे तासाला लिटरभर पाणी जात असताना घोटही न घेणे शरीराला झेपणारे नाही. मग श्रद्धा कितीही मोठी असो.

ज्यांना निर्जळी करायचीच आहे त्यांनी त्या दिवशी घाट पायी चढू नये. दिंडीच्या गाडीतून जावे आणि सासवडच्या तळावर भजनाला बसावे. ज्यांना चालायचे आहे त्यांनी पाणी प्यावे. दोन्ही एकदम करू नयेत. आणि गाडीतून गेलेल्यास ‘वारी पायी झाली नाही’ म्हणून कोणी टोचून बोलू नये. असल्या बोलण्याने माणसे लाजेपोटी चालत राहतात आणि जिवाला मुकतात.

उपवासाला चालेल असे पेयही सोपे आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा सैंधव घालून ढवळावे; वर लिंबू पिळावे. सैंधव हे मुख्यतः मीठच आहे. उपवासालाही चालते आणि कामही तेच करते. प्रमाण मात्र अंदाजाने वाढवू नये. मीठ जास्त झाले तर अपायच. उपवास नसेल त्या दिवशी मीठ घातलेले ताक उत्तम. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात मीठ थोडे असते. दिवसभर गळणाऱ्या घामाची भरपाई त्या एकट्याने होत नाही. नुसतेच साधे पाणी भसाभसा पीत राहणे हेही बरे नव्हे. रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखते, उलट्या होतात, शुद्धही जाते. थोडे थोडे, तहानेची वाट न पाहता, अर्ध्या तासाने घोट घोट, हा नेम धरावा.

या मीठ-साखरेच्या पाण्याचा प्रताप लहान समजू नये. १९७१ साली बंगालात निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले होते. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून तोंडावाटे पाजले आणि हजारोंचे प्राण वाचवले. त्यातूनच आजची दवाखान्यात मिळणारी पुडी सर्वत्र रूढ झाली. ती पुडी प्रत्येकाने पिशवीत ठेवावी. ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांना डॉक्टरांनी मीठ-पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस ‘मी वारीला चाललो आहे, गोळी कशी घेऊ?’ हे विचारून घ्यावे. मनाने गोळी बंद करू नये.

खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन बाधत नाही, असे पुष्कळजण सांगतात. कांदा खिशात बसून काही करीत नाही. त्या खिशात मीठ-साखरेची पुडी असू द्यावी.

ओळखावे कसे, करावे काय

पहिली पायरी म्हणजे पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, घेरी, अंग गळून जाणे. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत निजवावे, पाय किंचित उंच करावेत, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजावे. त्या दिवशी त्याला पुन्हा चालवू नये.

दुसरी पायरी उष्माघाताची. बोलणे असंबद्ध, चाल वेडीवाकडी, विनाकारण हसणे किंवा चिडणे, झटके, बेशुद्धी. अंग तापलेले. कातडी कोरडी असते असे सांगतात. पण चालून चालून ऊन लागलेल्याचे अंग घामाने भिजलेलेही असते. घाम आहे म्हणून फसू नये. संशय आला की विचारावे, “माउली, नाव काय? गाव कोणतं? दिंडी कितवी? आज तिथी कोणती?” उत्तरे चुकली की उष्माघात समजून चालावे. कोणी म्हणेल, हा भाव असेल तर? भाव असला तर गार पाण्याने त्याला बाधा येणार नाही. ऊन लागले असेल तर त्याच पाण्याने प्राण वाचतील.

मग एक क्षणही दवडू नये. एकाने १०८ क्रमांकास फोन करावा. बाकीच्यांनी रुग्णाला सावलीत आणून वरचे कपडे काढावेत आणि मिळेल ते गार पाणी सर्वांगावर ओतत राहावे. टँकरची नळी असली तर तीच धरावी. ओले उपरणे अंगावर घालावे आणि चौघांनी पंचे-पताकांनी सपासप वारा घालावा. पंचा तापला की पुन्हा भिजवावा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा येथे ठेवावा. ‘तापल्या अंगावर गार पाणी टाकले तर झटका येईल’ ही भीती सोडावी. उष्माघातात उशीर हाच घातक. अर्ध्या तासाच्या आत अंग गार झाले तर बहुधा माणूस धडधाकट उठतो. म्हणून आधी गार करावे आणि मग हलवावे. वाटेतही पाणी चालू ठेवावे. जो शुद्धीवर नाही त्याच्या तोंडात पाणी, तीर्थ, साखर काहीही घालू नये. ते श्वासनळीत जाते. त्याला कुशीवर ठेवावे. तापाची गोळी या तापावर चालत नाही, ती देऊ नये.

दिंडीचालकांसाठी

शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. शेतात राबणाऱ्याला ती असते. कचेरीत किंवा घरात बसणाऱ्याला नसते. आणि घाट तर चौथ्या दिवशीच समोर उभा राहतो. म्हणून शहरातल्या माउलींनी निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज तासभर चालण्याचा सराव करावा.

दिंडीचालकांनी साठीच्या पुढच्यांची आणि गोळ्या चालू असलेल्यांची यादी विणेकऱ्याजवळ ठेवावी. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यावा. त्याने विसाव्याच्या ठिकाणी ‘पाणी प्यालात का, लघवी झाली का?’ एवढे विचारावे. सकाळपासून लघवी झाली नसेल तर तो इशारा समजावा. डोक्यावरचे तुळशीवृंदावन पाळीपाळीने घ्यावे. सुती धोतर, सुती लुगडे, डोक्याला पांढरा पटका किंवा पदर, गळ्यात ओले उपरणे, ही आपली जुनी वस्त्रेच उन्हाला चांगली. नायलॉनचे कपडे घाम धरून ठेवतात.

अनवाणी चालणाऱ्यांनी जपावे. दुपारचे डांबर हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक तापते. मधुमेह असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही. फोड येतो, चिघळतो आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. त्यांनी पायात वहाण घालावी. पांडुरंग पायताण पाहून दर्शन नाकारीत नाही. डोळ्यांवर सावली येईल असा पटका बांधावा, कारण वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदू लवकर धरतो. ऊन शत्रू आहे असे मात्र नव्हे. सकाळच्या थोड्या उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, हाडे बळकट राहतात. जे मापात अमृत तेच मापाबाहेर विष.

पालखीची वाट रुंद करताना तिच्यावरची जुनी झाडे पुष्कळ गेली. ज्या गावावरून पालखी जाते त्या गावाने दर पावसाळ्यात वाटेच्या कडेला दहा वड-लिंब लावून जगवावेत. तेही अन्नदानाइतकेच पुण्य.

असो. परवा आम्ही त्या टाळकरी माउलींना भेटावयास गेलो होतो. ओसरीवर बसले होते. निघताना म्हणाले, “यंदा घाटात माझ्या नावानं एक काम करा. जो कोणी निर्जळी असंल, त्याच्या हातात तांब्या द्या. एकदा नको म्हणाला तर दुसऱ्यांदा म्हणा.”

त्या दिवशी वडकीला आम्ही दुसऱ्यांदा म्हटले नव्हते. माउलींनो, यंदा तुम्ही म्हणा.

रामकृष्णहरी.